सूर्य गोदीकडून उगवतो

आमच्या घोडपदेवच्या चाळीत सूर्य कुठून उगवतो हे कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळेल. गोदीकडून! शाळेत ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे वाक्य शिकण्याआधीच ‘गोदीवर उन्हं आली, उठा आता’ हे आईचं वाक्य आम्हाला पाठ झालं होतं. मावळता सूर्य बघायला मात्र आम्ही नटूनथटून जायचो. कधी गिरगाव चौपाटी, कधी दादर. भेळ खायची, सूर्य पाण्यात बुडाला की हळहळायचं आणि बस पकडून घरी यायचं. मुंबईला दोन्ही अंगांनी समुद्र आहे; पण पश्चिमेचा तेवढा समुद्र आणि पूर्वेची ती गोदी, अशीच आमची समजूत होती.

तसं पाहिलं तर हा पूर्वेचा समुद्र आमच्या घरापासून चालत फार लांब नाही. रे रोडचा पूल ओलांडायचा. मग वखारी लागतात, लोखंडी पत्र्यांचे ढीग लागतात, दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचं सामान लागतं, आणि शेवटी भिंत लागते. समुद्र त्या भिंतीपलीकडे. गंमत म्हणजे भिंतीच्या अलीकडची बरीचशी जमीनही मुळात समुद्राचीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात माझगाव ते शिवडी भरणी घालून ५८३ एकर जमीन पाण्यातून वर काढली गेली. समुद्र मागे सरला, भिंत पुढे आली, आणि शेजारी राहूनही आम्ही त्याला अनोळखी झालो.

या भिंतीपलीकडे माझ्या बाबांनी सदतीस वर्षं काढली. ते गोदी कामगार. १९६१ मध्ये लागले, १९९८ मध्ये निवृत्त झाले. आता वय शहाऐंशी. डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची. बाबांना समोरचं दिसतं, बाजूचं दिसत नाही. ‘पुंगळीतून बघितल्यासारखं,’ असं ते म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने पहिल्या पगारांतून साठवून ड्रोन घेतला. हाताच्या तळव्यावर मावेल एवढं यंत्र, वजन पाव किलोच्या आत. चाळीतली सगळी पोरं जमली. बाबाही काठी टेकत गॅलरीत आले. त्यांनी ते यंत्र बोटांनी चाचपलं आणि नातवाला म्हणाले, ‘हे वर जातं ना? मग मला माझी व्हिक्टोरिया गोदी दाखव. बुजवली म्हणतात. बुजवली म्हणजे कशी, ते एकदा बघायचंय.’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. प्रिन्सेस गोदी १८८० सालची, व्हिक्टोरिया १८८८ सालची. १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा भीषण स्फोट झाला तो याच व्हिक्टोरिया गोदीत. एवढं सगळं सोसलेल्या या दोन्ही गोद्या पुढे कंटेनरच्या जमान्यात बुजवल्या गेल्या. जिथे बाबांनी जहाजं रिकामी केली, तिथे आता जमीन आहे.

आणि ती वरून दाखवणंही आमच्या हातात नव्हतं. २५ ऑगस्ट २०२१ पासून देशात नवे ड्रोन नियम लागू झाले. त्यांत आकाशाचे तांबडा, पिवळा आणि हिरवा असे तीन भाग केले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत उडवता येतं. तांबड्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. आमच्या एका अंगाला युद्धनौका बांधणारी माझगाव गोदी, पुढे नौदल गोदी, समोर तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात ते वेगळेच. मुलगा हिरमुसला, पण बाबांनी सहज मान्य केलं. म्हणाले, ‘बरोबर आहे. आमच्या वेळीसुद्धा पास दाखवल्याशिवाय गेटातून माशी आत जात नव्हती.’

मग ड्रोन गेला कोकणात. गुहागरजवळ आमचं गाव. सरकारी नकाशावर तो भाग हिरवा असल्याची खात्री करून आम्ही किनारा गाठला. गुहागरचा किनारा जवळजवळ सहा किलोमीटर लांब, कडेने सुरूचं बन, संध्याकाळचा वारा. वाळूचा कण मोटारीत गेला तर यंत्र बिघडतं, म्हणून पाट मांडून त्यावरून ते उडवलं. समुद्राचा वारा अंगावर घेऊन परत यायला बॅटरी जास्त लागते, म्हणून निम्मी संपण्याआधीच माघारी वळवायचं. घार किंवा समुद्रगरुड जवळ आला तर तिथला मालक तो, आपण मुकाट्याने उतरायचं. आणि कुणाच्या परसदारावरून, न्हाणीवरून यंत्र न्यायचं नाही, ही माझ्या बायकोची अट.

त्या संध्याकाळी एक नवल बघितलं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या आमच्यासाठी सूर्य पाण्यात बुडाला. पण हातातल्या पडद्यावर तो अजून होता! १२० मीटर उंचीवरून क्षितिज लांब जातं, त्यामुळे वरच्या डोळ्याला सूर्य मिनिटभर अधिक दिसतो. शेजारची पोरं ओरडत होती, ‘काका, आणखी वर न्या, बुडायचाच नाही!’ वरून लाटांच्या पांढऱ्या कडा रांगोळीच्या रेघांसारख्या दिसत होत्या.

सूर्योदयाची गोष्ट मात्र वेगळी. कोकणात सूर्य समुद्रात मावळतो, पण उगवतो सह्याद्रीच्या बाजूने. पहाटे किनारा डोंगराच्या सावलीत असतो आणि ऊन उशिरा पोचतं. पहाटेचं चित्र हवं असेल तर खाडीवर जावं. दाभोळच्या खाडीवर धुकं उठतं, त्यातून होडी येते, आणि पहिलं ऊन पाण्याला सोन्याचं करून सोडतं.

उंचावरून चित्र घेण्याची ही हौस जुनी आहे. १८५८ मध्ये फ्रान्सच्या नादारने फुग्यात बसून छायाचित्र घेतलं. १९०६ च्या भूकंपानंतर उद्ध्वस्त सॅन फ्रान्सिस्कोचं चित्र जॉर्ज लॉरेन्सने चक्क पतंगांना कॅमेरा बांधून काढलं. जर्मनीच्या नॉयब्रोनर नावाच्या औषधविक्रेत्याने तर कबुतरांच्या छातीवर कॅमेरे बांधले. पतंग आणि कबुतरं! म्हणजे सामान सगळं आमच्या गच्चीवर होतंच, कॅमेरा बांधायचा तेवढा कुणाला सुचला नाही.

परत आल्यावर आम्ही बाबांना गुहागरची चित्रं दाखवली. पडदा त्यांनी जवळ धरला, लांब धरला, पण वरून घेतलेल्या चित्रात त्यांना ओळखीचं काही सापडेना. शेवटी विचारलं, ‘भरती होती की ओहोटी?’

आम्हा दोघांनाही सांगता आलं नाही.

‘दोन दिवस समुद्रावर होतात ना?’ बाबा म्हणाले, आणि मग त्यांनी जे शिकवलं ते कॅमेऱ्याच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा माझ्या जास्त उपयोगी पडलं. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाला ओहोटी. शिवडीचा चिखल उघडा पडलेला आणि त्यावर रोहित पक्षी टिपायचे असतील तर हे दिवस. उलट, काठोकाठ पाण्यात उगवता सूर्य हवा असेल तर अष्टमी. ‘हे तुम्हाला कसं माहीत?’ नातवाने विचारलं. ‘आमच्या गोदीचे दरवाजे भरतीलाच उघडायचे,’ बाबा म्हणाले. ‘पाणी चढलं की जहाज आत. भरतीवर आमची पाळी, पाळीवर तुझ्या आजीचा डबा.’

त्या रात्री मी ठरवलं की गोदी वरून दिसत नसेल तर पाण्यातून बघू. परवानगीशिवाय, भिंतीशिवाय, चार पैशांच्या तिकिटात. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला लाँच जाते, ती निघाली की जुन्या गोद्यांचा भाग उजव्या हाताला येतो. दिवस निवडला २०२५ च्या मार्चमधल्या फाल्गुन वद्य अष्टमीचा. एक तर सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं, म्हणजे बाबांना लाँचमध्ये पाय टाकायला सोपं. दुसरं असं की घारापुरी भाऊच्या धक्क्याच्या जवळजवळ सरळ पूर्वेला आहे, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्यही बरोबर पूर्वेला उगवतो. डिसेंबरात तो दक्षिणेकडे सरकतो, जूनमध्ये उत्तरेकडे. एका जागी उभं राहून वर्षभर पाहिलं तर उगवतीची जागा जवळजवळ ५० अंशांतून फिरते.

पहाटे अंधारातच निघालो. धक्क्यावर मासळीचा बाजार जोरात होता. बर्फ, टोपल्या, हाका. दोन खलाशांनी बाबांना हाताला धरून आत घेतलं. लाँच थरथरत निघाली. अशा थरथरीत तिकाटण्याचा उपयोग नसतो. शटरचा वेग वाढवायचा आणि क्षितिज सरळ धरायचं. मोबाइल असेल तर पडद्यावर उजळ भागाला बोट लावून प्रकाश थोडा कमी करायचा, म्हणजे आकाशाचे रंग उडत नाहीत. मोठ्या भिंगातून सूर्याकडे डोळा लावायचा नाही, हे मुलांना आधी सांगायचं.

सहा चाळीसच्या सुमाराला घारापुरीच्या उजव्या खांद्याशी लाल ठिपका दिसला. लाँचमधले सगळे तिकडे वळले. मीही वळलो, भराभर सात-आठ चित्रं घेतली. मग मुलाने माझ्या बाहीला ओढलं. ‘पप्पा, आजोबांकडे बघा.’

बाबा सूर्याकडे पाठ करून बसले होते. सूर्य त्यांनी सदतीस वर्षं गोदीतून पाहिला होता. गोदी मात्र पाण्यातून, बिनकामाचं बसून, कधीच पाहिली नव्हती. पहिलं ऊन थेट त्यांच्या पाठीवर पडलं होतं. हात लांब करून ते नातवाला सांगत होते, ‘तिथे दरवाजा. तिथे पहिली यारी. त्या शेडच्या मागे आमची चहाची टपरी.’ तिथे यातलं काहीच नव्हतं. कंटेनरच्या चळती होत्या आणि सपाट जमीन होती. त्यांची नजर पुंगळीसारखी हळूहळू सरकत होती. एकेक जागा शोधत, सापडली की थांबत.

बंदराच्या भागाचे फोटो काढायला परवानगी लागते, म्हणून कॅमेरा मी तिकडे वळवला नाही. बाबांचा तेवढा घेतला. लांब केलेला हात, पाठीवर सकाळचं ऊन, मागे नुसतं पाणी.

‘बघितली का?’ मी परतताना विचारलं.

‘बघितली,’ बाबा म्हणाले. ‘नीट बुजवलीय. काम चांगलं केलंय.’ मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी हौसेने त्या चित्राची मोठी प्रत काढून भिंतीवर लावली. बाबांना ती एका नजरेत दिसेना. हात दिसला की चेहरा निसटायचा. मुलाच्या ते लक्षात आलं. त्याने पोस्टकार्डाएवढी लहान प्रत काढून आणली. ती हातभर लांब धरल्यावर सगळं चित्र त्यांच्या पुंगळीत मावलं. बराच वेळ त्यांनी ते बघितलं.

‘टोपी वाकडी आहे,’ म्हणाले, आणि ते कार्ड पंचांगात फाल्गुनाच्या पानावर ठेवून दिलं.