एकाकी शैशव आणि मेंदू

सातारच्या शाळेत बाल भीमरावाला वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. अशा तुटलेपणाचा मेंदूवर काय परिणाम होतो? २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन आठवड्यांची उंदराची पिल्ले दोन आठवडे एकटी ठेवली गेली. पुढे सोबत मिळूनही त्यांच्या मेंदूच्या अग्रभागातील मज्जातंतूंचे मायलिन-आवरण पातळच राहिले. पाच आठवड्यांनंतरच्या एकांतवासाने मात्र तसे घडले नाही. हा निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही; शिवाय भीमरावाला घरी वडील रामजी व आत्या मीराबाई यांची माया होती. तथापि कोवळ्या वयातील सोबतीचे मोल यातून कळते. कल्याणमित्रता हे श्रेष्ठ जीवनाचे सर्वस्व होय, असे तथागतांनी आनंदाला सांगितले. म्हणून नांदेड-लातूरच्या विहारांनी बालवर्गात एकही मूल एकटे पडू देऊ नये.