विश्वस्त कंपनी बुडाली, मजुराच्या घामाचे काय?

कंपनी बुडाली तरी मालकाचा बंगला बुडत नाही, बुडतो तो कामगाराचा पगार. हे गिरणगावाला कुणी शिकवायला नको. पण भांडवलदारांच्या वकिलांनी याच्याही पुढची एक तजवीज करून ठेवलेली आहे. धंदा कंपनीच्या नावाने चालवायचा, करार कंपनीने करायचे, कामगार कंपनीने नेमायचे. धंद्याची मालमत्ता मात्र ट्रस्टची! कंपनी केवळ विश्वस्त. उद्या दिवाळे वाजले तर कंपनी म्हणणार, माझे काहीच नाही, सारे ट्रस्टचे आहे. आणि ट्रस्टवर तर खटलाही भरता येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत ट्रस्ट ही व्यक्तीच नव्हे.

ऑस्ट्रेलियात छोटे-मध्यम कौटुंबिक धंदे सर्रास याच पद्धतीने चालतात. कर वाचतो, मालमत्ता सुरक्षित राहते. विश्वस्त कंपनीचे स्वतःचे भांडवल दोन-चार डॉलर असले तरी भागते. शिवाय अनेक ट्रस्टपत्रांत असे कलम घातलेले असते की, कंपनी दिवाळखोर होताच तिचे विश्वस्तपद आपोआप जाईल. म्हणजे अवसायकाला माल विकायचा असेल तर आधी न्यायालयाची परवानगी आणायची, आणि तो खर्चही पुन्हा त्याच तुटपुंज्या पैशातून जाणार.

अमेरिंड नावाच्या कंपनीचे असेच झाले. व्हिक्टोरिया राज्यातील ही कंपनी इमारतींच्या सजावटीचे साहित्य बनवीत व विकत असे आणि एका ट्रस्टची विश्वस्त म्हणूनच सगळा धंदा करी. मार्च 2014 मध्ये ती कोसळली. बँकेने रिसीव्हर नेमले, मालमत्ता विकली, बँकेचे कर्ज पूर्ण फिटले. तरीही सुमारे 16 लाख डॉलर उरले. इकडे कामगारांचे थकलेले पगार व रजेचे पैसे सरकारने आपल्या हमी योजनेतून आधीच दिलेले होते, तब्बल 38 लाख डॉलर. सरकार कामगारांच्या जागी उभे राहिले व म्हणाले, उरलेला पैसा आम्हाला द्या, कारण कायद्याने कामगारांचा हक्क आधी येतो. कार्टर होल्ट हार्वे या धनको कंपनीने हरकत घेतली. तिचा युक्तिवाद असा की, कामगारांना अग्रक्रम देणारे कलम 'कंपनीच्या मालमत्ते'ला लागू आहे. ही मालमत्ता कंपनीची नाही, ट्रस्टची आहे. सबब अग्रक्रम गेला, सगळ्यांना सारखे वाटा!

समता ही अशा वेळी बड्या धनकोंना कशी आठवते पाहा.

कायद्याची मेख इथे आहे. विश्वस्ताने ट्रस्टसाठी कर्ज काढले तर ते फेडण्याची जबाबदारी विश्वस्तावर येते, पण त्याला ते ट्रस्टच्या मालमत्तेतून फेडण्याचा हक्क असतो. आपल्याकडे 1882 च्या भारतीय विश्वस्त कायद्यातही, कलम 32 मध्ये, असाच भरपाईचा हक्क आहे. मग प्रश्न असा की, हा हक्क कुणाचा? 2017 मध्ये व्हिक्टोरियातील न्यायमूर्तींनी धनको कंपनीची बाजू उचलून धरली. 2018 मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. आणि 19 जून 2019 रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयाने, एकमताने सांगितले की, भरपाईचा हक्क ही कंपनीचीच मालमत्ता आहे. त्यातून आलेला पैसा ट्रस्टच्या धंद्यातील देण्यांसाठीच वापरावा, पण वाटप कायद्याच्या क्रमानेच व्हावे. म्हणजे कामगार पुढे. पाच वर्षे गेली, पण पडदा फाटला.

आमच्या मते या निकालाहून मोठी गोष्ट ती हमी योजना आहे. 2012 च्या कायद्याने तेथील सरकार बुडालेल्या कंपनीच्या कामगाराला 13 आठवड्यांपर्यंतचा थकीत पगार स्वतः देते व मागाहून वसुली करते. कामगाराला पाच वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. अर्थात तिथेही तात्पुरत्या व्हिसावरचा मजूर योजनेबाहेर आहे. आपल्याकडून गेलेली कित्येक मुले त्यातलीच.

आपल्याकडे अशी हमीच नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 53 ने कामगाराला 24 महिन्यांच्या थकबाकीपुरते तारणधारक बँकेच्या बरोबरीने बसवले. कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' न ठरणारे इतर कर्मचारी हे त्याहून खाली, तेही 12 महिन्यांपुरते. कलम 36 मात्र महत्त्वाचे. दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली मालमत्ता आणि भविष्यनिर्वाह, पेन्शन व ग्रॅच्युइटी निधीतील कामगारांची रक्कम अवसायनाच्या मालमत्तेत धरताच येत नाही. एबीजी शिपयार्डच्या खटल्यात एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावले. त्या कामगारांत मुंबई कार्यालयातलेही होते. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनीही पीएफ व ग्रॅच्युइटीचा मुद्दा जिंकला, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तो कायम केला. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनीच अवसायनात काढण्याचा आदेश झाला. निकाल हातात पडणे वेगळे, पैसा पडणे वेगळे!

बड्या कंपन्यांना स्वतःचा पीएफ ट्रस्ट चालवण्याची सूटही कायद्याने दिली. 2018 मध्ये आयएल अँड एफएस कोसळली तेव्हा अशा कित्येक ट्रस्टांचा पैसा तिच्या रोख्यांत अडकला. तोटा झाल्यास मालकाने भरून द्यावा, अशी सुटीची अट. मालकच दिवाळखोर झाला तर? आणि कंत्राटी सफाई कामगाराचे काय? त्याच्या पगारातून कापलेला पैसा निधीत पोचलाच नाही, तर अवसायकापुढे दाखवणार काय? हे कामगार बहुतेक आपल्याच वस्त्यांतले आहेत.

बाबासाहेबांनी 1925 नंतर मुंबईच्या बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवला होता. मजूरमंत्री व घटनाकार बाबासाहेब आपल्याला ठाऊक आहेत, हे बाबासाहेब आपण विसरलो. आमचे तरुण वकील अॅट्रॉसिटीचे खटले निष्ठेने लढवतात, पण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात आपला वकील अभावानेच दिसतो. तिथे कामगाराच्या वतीने उभे राहायला भांडवल लागत नाही. दिवाळखोरीची जाहीर सूचना एका इंग्रजी व एका प्रादेशिक वृत्तपत्रात येते, आणि दाव्यासाठी दिवस मोजके असतात. कामगाराने स्वतःचा दावा 'फॉर्म डी' मध्ये भरायचा. अनेकांच्या वतीने प्रतिनिधीला 'फॉर्म ई' भरता येतो. पगारपत्रक, ओळखपत्र, बँकेच्या पासबुकाची पाने, पीएफचा उतारा जोडावा. ही कागदपत्रे कारखान्याला टाळे लागण्याआधीच घरी आणून ठेवावीत.