पोतं, फळी आणि बादलीभर गरम पाणी

डोक्यावर पोतं घेऊन सपाट रस्त्यानं एका गतीनं चालणारा हमाल त्या पोत्यावर शून्य कार्य करतो, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेलं असतं आणि मनातून कधीच मान्य केलेलं नसतं. माणूस घामाघूम झालाय आणि पुस्तक म्हणतं शून्य!

पुस्तक बरोबर आहे, पण त्यातला हिशेब पोत्याचा आहे, हमालाचा नाही. बलाच्या दिशेनं वस्तू जेवढी सरकते तेवढंच कार्य धरायचं. हमाल जोर लावतो वरच्या दिशेनं, पोतं जातं आडवं. पोत्याच्या ऊर्जेत भर पडत नाही. टेबलही पोतं दिवसभर पेलतं आणि त्याला चहा लागत नाही. स्नायूंचं तसं नाही. त्यांचे तंतू सतत आकुंचन पावत आणि सैल होत राहतात, तेव्हा कुठे ताण टिकतो. त्यात अन्नातली ऊर्जा जळते आणि तिची उष्णता होते. थकवा खरा, शून्यही खरं. (या व्याख्येनं मजुरी ठरली असती तर हमालांसाठी केलेल्या 1969च्या माथाडी कायद्याचा काही उपयोग झाला नसता.)

फळी लावली की काम कमी होतं, हाही तसाच पक्का समज. 50 किलोचं पोतं 1 मीटर उंच टेम्पोत सरळ उचलून ठेवायला 490 ज्यूल लागतात. 3 मीटरची फळी लावून ते वर ढकललं तर जोर एक तृतीयांश, म्हणजे साधारण 17 किलो उचलण्याइतका लागतो. पण अंतर तिप्पट होतं. गुणाकार तोच, 490. शिवाय घर्षणाचा भुर्दंड वेगळा. विहिरीवरची कप्पी तर जोरही वाचवत नाही. ती फक्त दिशा बदलते, म्हणजे दोर खाली ओढताना अंगाचं वजन कामी येतं. एवढ्यासाठीच ती हवीशी वाटते.

आता तेच पोतं टेम्पोतून धप्पकन खाली पडलं. 490 ज्यूल वाया गेले? गेले कुठेच नाहीत. थोडा आवाज झाला, बाकीच्यानं पोतं आणि जमीन किंचित तापली. इतकी किंचित की साध्या तापमापकाला पत्ता लागू नये. जेम्स ज्यूल या इंग्रज दारूभट्टीवाल्याच्या मुलानं 1840च्या दशकात नेमकं हेच मोजलं. खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापतं ते पाहायचं. त्याच्या शोधाचा आजच्या आकड्यांत अर्थ असा: पाणी 427 मीटरवरून पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तर ते जेमतेम 1 अंश सेल्सिअसनं तापेल.

यावरून उष्णता किती महाग असते ते कळतं. 15 लिटरची बादली 25 अंशांनी तापवायला सुमारे 15.7 लाख ज्यूल, म्हणजे जवळपास अर्धं युनिट वीज लागते. तेवढ्या ऊर्जेत आपली 3,200 पोती टेम्पोत चढली असती. उलट 60 किलोच्या माणसाला एक मजला, म्हणजे 3 मीटर वर न्यायला 1,764 ज्यूल पुरतात. लिफ्टमधली गळती धरली तरी हा आकडा बादलीच्या जवळपास जात नाही. तेव्हा जिना प्रकृतीसाठी जरूर चढावा. वीजबिल कमी करायचं असेल तर आधी गिझरकडे पाहावं.