अँटेनावर साठणारी वीज

वळवाचे ढग दाटले की हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आधी अँटेनाची केबल सेटमधून काढतो, मग दोरीवरचे कपडे. विजेची भीती त्याला शिकवावी लागत नाही. पण बरेच सेट वीज न पडताच जायबंदी होतात आणि त्यामागची दोन कारणं फार स्वस्तातली असतात.

पहिलं कारण स्थिर विद्युतभार. ४० मीटर बँडची डायपोल म्हणजे सुमारे २० मीटर तार, दोन्ही टोकांना इन्सुलेटर लावून हवेत ताणलेली. कोरडा धुळकट वारा, पावसाचे थेंब, दूरवरचा गडगडणारा ढग यांमुळे तिच्यावर भार चढत राहतो. केबलची जाळी अर्थिंगला जोडली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. जाळीवरचा भार जमिनीत जातोही. पण मधली तार आणि तिला जोडलेला डायपोलचा अर्धा भाग अधांतरीच राहतो. मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरले, तर ३० मीटर कोॲक्स केबल ३,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर होते. तो २,००० व्होल्टपर्यंत चढला की ६ मिलिज्यूल ऊर्जा साठते. बोटाला एवढ्याने नुसता झटका बसतो, पण रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यातला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. तो पुरता मेला तर निदान कळतं. अर्धमेला झाला की ऐकू कमी येतं आणि आपण बँडला दोष देत बसतो.

उपाय म्हणजे मधली तार आणि जाळी यांच्यामध्ये १०० किलोओहमचा २ वॉटचा रेझिस्टर. भार साठण्याआधीच त्यातून झिरपून जातो. ५० ओहमच्या केबलमधून १०० वॉट पाठवताना या रेझिस्टरमध्ये जेमतेम ०.०५ वॉट खर्च होतो. सोबत जादा व्होल्टेज जमिनीत वळवणारी गॅस ट्यूब लावायची तर ९० व्होल्टची नको: १०० वॉटला शिखर व्होल्टेज १०० असतं, त्यामुळे ती आपल्याच प्रक्षेपणाने पेटेल. २३० व्होल्टची घ्यावी. फोल्डेड डायपोलमध्ये मात्र दोन्ही तारा मुळातच एकमेकींना जोडलेल्या असतात, तिथे रेझिस्टरची गरज नाही.

थेट पडणाऱ्या विजेपुढे यातलं काहीच टिकत नाही. तिचा प्रवाह हजारो अँपिअरचा. केबल नुसती काढून टेबलावर ठेवणं हाही वेडेपणाच; ती खिडकीबाहेर जायला हवी. १७५३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग रिखमान वादळात घरात आणलेल्या तारेवरचा भार मोजत होता. विजेच्या धक्क्याने तो तिथेच मेला.

दुसरं कारण कनेक्टर. आपल्याकडे सर्रास दिसणारा पीएल-२५९ हा १९३०च्या दशकात ॲम्फेनॉल कंपनीच्या क्वॅकेनबुशने काढला. मजबूत आहे, पण पाणी अडवत नाही. बेल लॅब्सच्या पॉल नीलचा एन-कनेक्टर रबरी कडीसह येतो. छतावर तोच बरा. पीएल-२५९ वापरायचाच तर भोकांतून जाळीपर्यंत सोल्डर पोचलंय का हे बघा. नुसती पिन सोल्डर करून जाळी दाबून बसवलेले कनेक्टर बाजारात भरपूर मिळतात. ते सहा महिने चालतात, मग केबल हलली की एसडब्ल्यूआरचा (अँटेनाकडून किती शक्ती परतते ते दाखवणारा) काटा उडतो आणि प्रक्षेपकाच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

काटा उडाला तर बरंच म्हणायचं. पाणी शिरलेली केबल खरी फसवते, कारण तिच्यातली घट अँटेनाकडून परतणारी शक्तीही गिळते. ३ डेसिबल घट असलेल्या केबलच्या टोकाला अँटेनाच नसली, तरी सेटजवळचं मीटर एसडब्ल्यूआर ३ दाखवतं. अँटेना जागेवर असेल तर आकडा इतका देखणा येतो की शंका घ्यायला मन धजत नाही.

जोडावर आपोआप चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळावी, म्हणजे थर कौलांसारखे एकावर एक बसतात आणि पाणी निथळून जातं. भिंतीत शिरण्यापूर्वी केबलला खाली झोळ द्यावा. कोकणात खारी हवा असते, तिथे हे दरवर्षी पाहायला हवं आणि पाऊस नुकताच संपलेला असताना, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, ते सोयीचं पडतं. कनेक्टरजवळचं आवरण थोडं सोला. जाळी चकचकीत असेल तर नवा कनेक्टर लावा. काळी असेल तर फूटभर कापून पुन्हा पाहा. तिथेही काळीच निघाली तर सगळी केबल बदला. काळ्या जाळीला सोल्डर धरतच नाही.