खारेपाटातील तळी आणि गळाची मासेमारी

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यालगत, अलिबाग व पेण तालुक्यांत धरमतर खाडीच्या आसपास पसरलेला सखल भातजमिनीचा पट्टा खारेपाट या नावाने ओळखला जातो. भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी अडवावे आणि पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन काढावे, तेव्हाच येथे भात उभे राहते. जमिनीखालचे पाणीही बहुतेक ठिकाणी खारे असल्यामुळे पावसाळ्यातले गोडे पाणी साठवण्यासाठी घराशेजारी तळे खणण्याची रीत या भागात रुजली आणि शहापूर, धेरंड यांसारख्या गावांत अंगणापुढचे तळे हा घराचाच भाग होऊन बसला. पाण्याच्या सोयीबरोबर या तळ्यांत मासे वाढवणे आणि ते लागतील तसे गळाने काढणे हा येथील शेतकरी कुटुंबांच्या जगण्याचा एक शांत, पण कौशल्याचा भाग आहे.

या तळ्यांतील बहुतेक महत्त्वाचे मासे तळ्यात जन्मलेले नसतात, ही गोष्ट गळ टाकणाऱ्याचे काम समजून घेताना प्रथम ध्यानात घ्यावी लागते. कटला, रोहू आणि मृगळ हे कार्प कुळातले तीन मासे मुळात उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, परंतु अंडी घालत नाहीत. 1957 साली हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर मत्स्यबीज केंद्रांतून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, विकत आणून तळ्यात सोडणे शक्य झाले. तिलापिया मात्र 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि तो कोणत्याही तळ्यात स्वतःच वाढतो. मादी अंडी व पिल्ले तोंडात सांभाळत असल्यामुळे त्याची संख्या इतकी फुगते की सगळेच मासे खुरटे राहतात.

गळाची सामग्री साधी असते. बांबूची लवचीक काठी, जवळपास तितक्याच लांबीची नायलॉनची दोरी, शिशाचा छोटा तुकडा, पाण्यावर तरंगणारे बूच आणि टोकाला उलट्या काट्याचा आकडा एवढ्यावर काम भागते. खरे कौशल्य बूच दोरीवर किती उंचीवर बांधायचे यात आहे, कारण त्यावरून आमिष कोणत्या थरात राहणार हे ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते व तो पृष्ठभागाजवळ चरतो, रोहू मधल्या थरात फिरतो, तर मृगळाचे तोंड खाली वळलेले असल्याने तो तळाचा गाळ धुंडाळतो. या तिघांच्या जबड्यात दात नसतात. अन्न आत ओढून घशातल्या दातांनी ते चिरडले जाते. म्हणून कणकेचा मऊ गोळा, भात किंवा गांडूळ चालते, आणि तोंडात काही टणक लागताच मासा ते थुंकून टाकतो. गळ टाकण्यापूर्वी भाताचा कोंडा व पेंड कालवून केलेले गोळे एकाच जागी टाकून मासे गोळा केले जातात. त्या जागी बुडबुड्यांची ओळ हळूहळू पुढे सरकू लागली तर खाली मृगळ किंवा तळाशीच चरणारा सायप्रिनस (सामान्य कार्प) गाळ उकरत आहे असे समजावे, आणि बुडबुडे एकाच ठिकाणी येत राहिले तर तो केवळ कुजणाऱ्या पाल्याचा वायू असतो. बुचाची हालचालही तशीच वाचावी लागते, कारण तिलापिया टोचे मारून ते थरथरवत ठेवतो, रोहू ते तिरके ओढून नेतो, आणि तळावरचा मासा आमिषासह शिसे उचलतो तेव्हा ते बुडण्याऐवजी उलट वर उठून आडवे पडते. हे वर उठणे नवख्याला दिसूनही कळत नाही.

पहाटेची वेळ सर्वांत चांगली हा समज लहान तळ्यांना नेहमी लागू पडत नाही. रात्रभर शेवाळ व मासे दोघेही पाण्यातला प्राणवायू वापरत असल्याने, विशेषतः ढगाळ हवेत, पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडू लागतात. त्या वेळी ते भुकेले नसून गुदमरलेले असतात आणि आमिषाकडे पाहतही नाहीत. ऊन चढल्यावर शेवाळ पुन्हा प्राणवायू सोडू लागते, तेव्हा कार्प चरायला लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी आटते आणि खारेपणा चढतो. कार्पला तो फारसा सोसत नाही, तिलापिया व जिताडा मात्र तग धरतात.

जिताडा हा या तळ्यांचा मानाचा मासा. त्याचे प्रजनन खाऱ्या पाण्यात होते, आणि पावसाळ्यात त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात व उघाड्यांतून भातखाचरांत शिरतात. उघाडी म्हणजे भरतीला मिटणारे आणि ओहोटीला उघडणारे बांधाचे दार. ही पिल्ले धरून तळ्यात सोडली जातात. जिताडा मांसभक्षक असल्याने बोटुकली त्याच्या तोंडात मावणार नाही एवढी मोठी असावी लागते. मात्र तिलापियाची पिल्ले खाऊन तो त्यांची गर्दी आवरतो, आणि हा त्याचा उपकार मोठा आहे. त्याला कणीक चालत नाही. जिवंत कोळंबी किंवा लहान तिलापिया पाठीतून आकड्यात अडकवून संध्याकाळी तळ्याच्या कडेला सोडतात. तो आमिष एका दमात गिळतो आणि लगेच उसळी घेतो. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड धारदार असल्यामुळे दोरी कापली जाते, म्हणून आकड्याजवळ जाड दोरी किंवा तारेचा तुकडा जोडणे शहाणपणाचे ठरते.

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो; मोठे मासे बहुतांशी माद्याच असतात. बंद तळ्यात वाढलेली मादी खाऱ्या पाण्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे खाडीतून उचललेले प्रत्येक पिल्लू खाडीच्या पुढच्या पिढीतून वजा होते. गळ एका वेळी एक मासा काढतो, लहान मासा परत सोडता येतो, आणि म्हणून तो तळ्याला मानवतो. हाच संयम उघाडीच्या तोंडाशी बारीक जाळे लावताना पाळला जात नाही. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने 1997 मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधलेले आहे. कार्पचे बीज विकत आणण्याची सवय असलेल्या खारेपाटातील तळेमालकांनी जिताड्याचे बीजही केंद्रातूनच घ्यावे आणि उघाडीतून आत आलेली पिल्ले ओहोटीबरोबर खाडीत परत जाऊ द्यावीत.