भिंतीच्या पोटातला आडवा दगड

मे महिन्यात दुपारी दोनला घनसावंगी तालुक्यातल्या एखाद्या गावात जा. तीर्थपुरी, कुंभार पिंपळगाव, नाहीतर रामदासांचं जांब, कुठलंही चालेल. माळवदाचं जुनं घर अजून उभं दिसलं तर घरच्यांना विचारून आतल्या खोलीत बसा. बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला, शेजारच्या पत्र्याच्या खोलीत तर पाय ठेववत नाही. आणि इथे भिंतीला पाठ टेकली की गार लागतं. पंखा नाही, कूलर नाही. मग एवढं ऊन गेलं कुठे?

कुठेच गेलेलं नाही. ते भिंतीतच आहे, अजून वाटेत आहे!

दगडमातीतून उष्णता फार सावकाश सरकते. भिंत हातभर जाड असेल तर दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला जवळजवळ अर्धा दिवस लागतो. म्हणजे दोन वाजताचं ऊन घरात येतं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, आणि तेही वाटेत बहुतेक सगळं जिरून, नावापुरतं. तोवर बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि घरची माणसं अंगणात नाहीतर माळवदावर झोपलेली असतात. ऊन घरात येतं खरं, पण घरात कोणी नसताना! चार इंची काँक्रीटचा स्लॅब तेच ऊन तीनेक तासांत खाली सोडतो. सगळे जेवायला बसतात तेव्हा तो वरून शेकत असतो.

आता वर बघा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच्या, त्यांच्यावर निंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती शेतात मिळत नाही. ती मिळते गावठाणाच्या जुन्या टेकाडात. शेकडो वर्षांच्या पडक्या भिंती, चुलींची राख, शेण, चुना असं सगळं एकत्र मुरून ती तयार झालेली असते. काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हात भेगाळते. पांढरीचं तसं होत नाही. पहिल्या पावसात तिचा वरचा थर मऊ पडतो, बारीक भेगा आपोआप बुजतात आणि पुढचं पाणी पन्हळीतून बाहेर पडतं. आपल्याच जालना जिल्ह्यात भोकरदनला १९७३ साली पुरातत्त्वाच्या अभ्यासकांनी उत्खनन करून सातवाहन काळातली वस्ती उजेडात आणली, तीही अशाच टेकाडाखालून. तेव्हा एखाद्या माळवदात कुणा यादवकालीन बाईच्या चुलीची राख असेलही, कोण जाणे!

इथवर सगळं छान आहे. पण मिरगाच्या आधी दरवर्षी माळवदावर नवी माती पसरायची रीत आहे. जुनी कोण उतरवतं? थरावर थर चढत जातो आणि काही पिढ्यांत माती अर्धा मीटर होते. हिशेब करून बघा. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे अकरा चौरस मीटर. त्यावर अर्धा मीटर माती, म्हणजे नऊ टनांच्या आसपास वजन. गारव्याची किंमत म्हणून एका खोलीच्या डोक्यावर नऊ टन!

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीजवळ जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, म्हणजे जगातल्या मोठ्या भूकंपांच्या यादीत हा तसा मधल्याच पट्टीतला. पण लातूर-उस्मानाबादमध्ये आठ ते दहा हजार माणसं गेली. तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो नकाशा बदलावा लागला. माणसं मेली ती दगडमातीच्या घरांखाली, म्हणजे ज्या घरांचं आपण आत्तापर्यंत कौतुक करत होतो तसल्याच घरांखाली.

साहजिकच सगळ्यांचं बोट छताकडे गेलं. एवढं वजन डोक्यावर, दुसरं काय होणार? पण ढिगाऱ्यांतून फिरणाऱ्या अभियंत्यांना आणि वास्तुविशारदांना भलतंच दिसलं. तुळया थेट भिंतींवर टेकवल्या होत्या, तिथे भिंत गेली आणि छतही गेलं. पण खणाच्या बऱ्याच घरांत चारी भिंती भुईसपाट झालेल्या, आणि मधोमध लाकडी खांबांचा सांगाडा ते टनावारी माळवद डोक्यावर घेऊन तसाच उभा! लाकडाचे सांधे थोडे हलले, करकरले आणि पुन्हा जागेवर आले. म्हणजे बहुतेकांचा जीव घेतला तो भिंतींनी. दीड हात, दोन हात, कुठे त्याहूनही जाड अशा भिंतींनी!

एवढी जाड भिंत पडतेच कशी?

कारण ती एक भिंत नसते. बाहेरून दगडांचा एक थर रचायचा, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत माती, खडी, दगडांचे तुकडे भरायचे, अशी आपली दगडमातीची भिंत. टम्म फुगलेली भाकरी आठवा. वरचा पापुद्रा आणि खालचा पापुद्रा कडेला जोडलेले, पण मध्ये नुसती हवा. भिंतीतही दोन पापुद्रे असतात, फक्त मध्ये माती असते. जमीन हलायला लागली की दोघे आपापल्या तालावर हलतात. मधली माती खाली बसते आणि बसताना दोघांना बाहेर ढकलते. भिंतीला पोट सुटतं. आणखी दोन हेलकावे, की एक पापुद्रा आत पडतो आणि दुसरा बाहेर. भिंत जितकी जाड तितकी ही मधली माती जास्त आणि ढकलणारं वजनही जास्त. जाडी वाढवून मजबुती वाढते, हा आपला समज इथे पार उलटा पडतो.

मग उपाय? एक दगड आडवा घालायचा. बस्स!

खरंच एवढंच. भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत पोचेल असा लांब दगड, दोन्ही पापुद्र्यांना एकत्र धरणारा. योगायोग बघा, दुबळ्या दगडी बांधकामासाठीचं भारतीय मानक, आयएस १३८२८, त्याच १९९३ सालचं आहे. त्यात साफ लिहिलंय की असा आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर एक हवा. तेवढा लांब दगड मिळाला नाही तर भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड एकमेकांशेजारी घाला, काँक्रीटचा तुकडा घाला, लाकूडही चालेल. शिवाय दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा फिरवायचा, म्हणजे कोपरे उकलत नाहीत. खर्च किती? दगड तर तसाही विकत घेतलेलाच असतो. फक्त तो भिंतीच्या लांबीला न ठेवता फिरवून ठेवायचा.

पण ज्या भिंती आधीच उभ्या आहेत त्यांचं काय? ह्या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत भारी वाटतं ते हे, की त्यांच्यातही आडवा दगड नंतर घालता येतो. पहारीचे घाव घालायचे नाहीत. एका दगडाभोवतीची माती बारीक सळईनं खरवडून तो अलगद सुटा करायचा. मागचा भराव हातानं उपसत पलीकडच्या पापुद्र्यापर्यंत जायचं आणि तिथलाही एक दगड काढायचा. आरपार भोक पडतं. ते दोन्ही तोंडांशी रुंद ठेवायचं आणि मध्ये अरुंद, म्हणजे नंतर ओढलं तरी आतलं काही निसटत नाही. त्यात दोन्ही टोकं वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट ठासायचं आणि आठ-दहा दिवस पाणी मारायचं. मीटर-मीटरभर अंतरावर असं करत गेलं की शंभर वर्षं एकमेकांशी अबोला धरलेले दोन पापुद्रे एकत्र येतात. मग माळवदावरची जास्तीची माती उतरवायची, प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वीतभर माती परत टाकायची. वीतभर माती पुरते का? पुरते! तीही दुपारचं ऊन रात्रीपर्यंत थोपवून धरते. आणि वजन निम्म्याहून खाली येतं.

किल्लारीनंतर हे तंत्र मराठवाड्यात शिकवलं गेलं, गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं. पण लोकांच्या मनातून दगड उतरला तो उतरलाच. ज्यानं घरातली माणसं नेली त्याच्याकडे पुन्हा कोण बघेल? सिमेंट आलं, पत्रा आला. त्यांना दोष देणाऱ्यांनी एकदा भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या त्या बावन्न गावांत जाऊन यावं.

सिमेंटला वेगळी किंमत आहेच. चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीचा धूर वेगळा. एक टन सिमेंटमागे अर्ध्या टनाहून जास्त. आणि घनसावंगीत सिमेंटचं घर सुखानं उभं राहतं असंही नाही, कारण खाली गोदावरीकाठची काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगून घर उचलते, उन्हाळ्यात आकसून सोडून देते, तेही एका कोपऱ्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली की समजायचं, जमीन हलतेय, भूकंप नसतानाही! पण हा फुगण्या-आकसण्याचा खेळ साधारण साडेतीन मीटरच्या खाली संपतो. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं त्यावर छान युक्ती काढली. अरुंद खड्डा तेवढा खोल न्यायचा, तळाशी तो फुगीर कोरायचा आणि सळया उभ्या करून काँक्रीट भरायचं. घर त्या फुगीर पायांवर बसतं. वरची माती कितीही ओढली तरी पाय उपसून येत नाही. मुरूम जवळ असेल तर एवढाही खटाटोप नको, पाया मुरमापर्यंत नेला की झालं.

आता सांगा, हे सगळं कोणी सांगायचं? आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणजे नगरपंचायतीच्या मंजुरीसाठी नकाशावर सही करणारा माणूस. १९७२च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावता येत नाही. पण घर आखायला कोणालाच बंदी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तेच स्पष्ट केलं. तेव्हा ह्या पेशाला आपली किंमत कायद्याच्या जोरावर वसूल करता येत नाही, दाखवून द्यावी लागते. लॉरी बेकर हे इंग्रज वास्तुविशारद केरळात वर्षानुवर्षं तेच करत राहिले. पाच मैलांच्या आत जे मिळतं त्यातूनच घर बांधावं, हे गांधीजींचं म्हणणं ते नेहमी सांगत. घनसावंगीभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं तर त्यात काळा दगड, मुरूम, पांढरी माती, निंब, बाभूळ एवढं तरी सापडेलच.

आणि ज्याला सिमेंटचंच घर हवं त्याचं काय? पंतप्रधान आवास योजनेतल्या घरकुलाला गावाकडे १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि किमान २५ चौरस मीटर जागा बांधावी लागते. एवढ्याशा घरात वास्तुविशारद काय दिवे लावणार? तो आधी सूर्य बघतो. घनसावंगी साडेएकोणीस अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते आणि पुढचे दोन महिने तो भर दुपारी चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही! सगळा मारा छतावर, आणि मग पश्चिमेच्या भिंतीवर. तेव्हा न्हाणी आणि जिना पश्चिमेला ढकलायचे, झोपायची खोली पूर्वेला घ्यायची, दारा-खिडक्यांवरचा पट्टा सलग ओतायचा. आणि स्लॅबवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारून घ्यायचे, तेही मार्च संपायच्या आत.