विजेच्या कामांतील उमेदवारी

परभणी जिल्ह्यांत वीजतंत्री होऊं पाहणाऱ्या तरुणापुढें दोन वाटा असतात. एखाद्या वायरमनच्या हाताखालीं हत्यारांची पिशवी वाहात काम उचलावयाचें, ही जुनी वाट. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंतून शिकाऊ उमेदवारीकडे जावयाचें, ही दुसरी. पहिल्या वाटेनेंहि हात तयार होतो. परंतु त्याजवळ प्रमाणपत्र नसतें, आणि अपघात घडल्यास जबाबदारी कोणाची, हें बहुधा कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नसतें.

दुसऱ्या वाटेचा प्रारंभ दहावीनंतर होतो. संस्थेंतील वीजतंत्र्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. तेथें तारांची जोडणी, मोटारीचें वाइंडिंग, अर्थिंग हीं कामें शिकवितात. परंतु वर्गांतील फळीवरची जोडणी आणि शिवारांतील रोहित्रावर, म्हणजे खेडुतांच्या भाषेंत 'डीपी'वर, करावयाची दुरुस्ती यांत महदंतर आहे. स्विच पाडला म्हणजे तार निर्जीव झाली, असें नवशिक्यास वाटतें. पण कोणाच्या तरी जनित्राची वीज उलट मार्गानें त्याच तारेंत येऊं शकते. शेजारच्या चालू वाहिनीच्या प्रभावानेंहि बंद तारेंत दाब उत्पन्न होतो. म्हणून वाहिनी बंद करणें, ती कोणी पुन्हा चालूं करणार नाहीं अशी व्यवस्था करणें, वीज नसल्याची खात्री उपकरणानें करणें व कामाच्या दोन्ही बाजूंस तारा जमिनीशीं जोडणें, एवढें झाल्यावरच हात लावावयाचा. हा क्रम पाठ करणें सोपें. पिकाच्या पाण्यासाठीं शेतकरी खालीं खोळंबले असतां तो न सोडणें कठीण. तें अनुभवी माणसाशेजारीं राहूनच अंगवळणीं पडतें. उमेदवारीचें खरें प्रयोजन हेंच होय.

या शिक्षणास १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा आधार आहे. त्यान्वयें मालक व उमेदवार यांच्यांत लेखी करार होतो. उमेदवार अज्ञान असल्यास त्याचा पालक करार करतो. महावितरणसारख्या कंपन्याहि असे उमेदवार घेतात. या काळांत विद्यावेतन मिळतें. प्रशिक्षण संस्थेचें प्रमाणपत्र असणाऱ्यास तें दरमहा किमान ७००० रुपये असावें, असें २०१९ च्या नियमदुरुस्तीनें ठरविलें.

मात्र विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे; मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी अधिनियम देत नाहीं. या एका गोष्टीच्या अज्ञानामुळें घरोघरीं केवढी निराशा पदरीं येते! परंतु शिकणारा म्हणून त्यास संरक्षणहि आहे. प्रशिक्षणाच्या कामामुळें इजा झाल्यास मालकानें भरपाई द्यावयाची असते. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या संमतीवांचून त्याच्याकडून जादा तास काम घेतां येत नाहीं.

अमेरिकेंत या बाबतींत निराळी पद्धति आहे. तेथें १८९१ सालीं स्थापन झालेली वीज कामगारांची संघटना व कंत्राटदारांची संस्था संयुक्त समित्यांमार्फत उमेदवारी चालवितात. ती साधारणतः पांच वर्षांची असून, कौशल्य वाढेल तसा पगारहि पायरीपायरीनें वाढतो. काय शिकवावें, हें ठरवितांना कामगारांचा प्रतिनिधि समितींत बसलेला असतो. भारतीय करारांत संघटना पक्षकार नाहीं. पक्ष दोनच, मालक आणि उमेदवार.

म्हणून जिंतूरच्या वा गंगाखेडच्या मुलाला त्या कराराचा कागद हीच ढाल आहे. मुदत किती, विद्यावेतन किती, शिकविणार काय, हें त्यानें वडिलांसह वाचून मगच सही करावी, आणि प्रत स्वतःजवळ ठेवावी. शिकविणारा सोबत नसतां खांबावर चढण्याचा हुकूम झाला, तर नम्रपणें नकार देणें हा उद्धटपणा नव्हे. तो त्याच्या विद्येचाच एक भाग आहे.